उत्तरेस कडुलिंबाचे झाड

माझं अक्षर चांगलं होतं, तेच मला आडवं आलं. कंधार तालुक्यातल्या शाळेत गुरुजींनी छडी दाखवून गिरवून घेतलेलं ते वळणदार अक्षर नसतं, तर मी चौकात उभा राहून वाहनं अडवली असती, गणपतीच्या बंदोबस्तात शिट्ट्या मारल्या असत्या आणि सुखानं निवृत्त झालो असतो. पण भरतीनंतर पहिल्याच वर्षी किनवटच्या फौजदारानं माझा रजेचा अर्ज वाचला, रजा नामंजूर केली आणि म्हणाला, "बळीराम, उद्यापासून तू लिहायला बस." तो बसलो ते निवृत्त होईपर्यंत उठलो नाही. खात्यात याला रायटर म्हणतात. तपास साहेब करतो, जबाब आणि पंचनामे रायटर लिहितो, खाली सही साहेबाची असते.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "जमादारसाहेब, पोलिसातल्या गमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." एक गंमत सांगतो. पुढचं हलकंफुलकं राहील याची हमी नाही.

किनवटला एक बाई नवरा हरवल्याची तक्रार घेऊन आली. जंगलातल्या पाड्यावरून चालत आलेली, पायात काही नाही. मी वर्णन विचारलं. उंची? ती गप्प. रंग? गप्प. बांधा? बाई म्हणाली, "रातच्याला खोकतो साहेब. दोनदा खोकतो, मंग थांबतो, मंग एकदा." आता हे छापील तक्त्यात कुठं बसवायचं? मी लिहून टाकलं : रंग सावळा, बांधा सडपातळ, उंची पाच फूट पाच इंच. आम्ही सगळ्यांचं तेच लिहायचो. आठ दिवसांनी तो नवरा आपल्या पायानं ठाण्यात आला, आदिलाबादेत कामाला गेला होता म्हणे. चांगला सहा फुटी, गोरागोमटा, पोट सुटलेला. मी पुरता ओशाळलो. तेवढ्यात तो खोकला. दोनदा, मग थांबून एकदा. सगळं ठाणं हसलं. मीही हसलो आणि त्यातून काहीही शिकलो नाही.

आता बाहेरच्या माणसाला पंचनामा म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं. पोलिसांना एखादी वस्तू कुठं सापडली, तर ती दोन तटस्थ माणसांसमक्ष जप्त करायची असते. ती दोन माणसं म्हणजे पंच. जागेवर बसून लिहायचं, जागेच्या चारी दिशांना काय काय आहे ते लिहायचं, त्याला चतुःसीमा म्हणतात, आणि पंचांच्या सह्या घ्यायच्या. आरोपी कोठडीत असताना म्हणाला, की मी हत्यार लपवलंय, चला दाखवतो, तर त्याचं ते बोलणं आधी त्याच्याच तोंडचं म्हणून लिहायचं. "मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सांगतो की," अशी सुरुवात. किनवटचा आदिवासी असो, उदगीरचा व्यापारी असो की हैदराबादेचा पाकीटमार, माझ्या कागदावर सगळे एकसारखं शुद्ध मराठी बोलायचे. सरकारी वकील मला म्हणायचे, "केंद्रे, तुमचा पंचनामा म्हणजे काम फत्ते." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

आणि तटस्थ माणसं रोज कुठून आणायची? रस्त्यावरचा माणूस पोलिसांनी हाक मारली की उलट्या दिशेला चालू लागतो. म्हणून प्रत्येक ठाण्याचे ठरलेले पंच असतात. नांदेडातल्या ज्या ठाण्यात मी सर्वांत जास्त काळ काढला, तिथं आमचे पंच होते समोरच्या स्टेशनरी दुकानाचे अप्पा. उदगीरकडचे लिंगायत, कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग. कागद, टाचण्या, कार्बन आम्ही त्यांच्याकडूनच घ्यायचो आणि सोबत सहीही घ्यायचो. दुसरी सही शेजारच्या पंक्चरवाल्याची. अप्पा मला एकदा म्हणाले होते, "बळीरामजी, कोर्टात शपथ घेताना हात आपोआप गळ्याकडं जातो बगा. म्हणून मी डावा हात खिशात घालून ठेवतो." मी हसलो. ते हसत नव्हते.

त्या ठाण्याला मग साहेब आले. त्यांचं नाव लिहीत नाही, ठाण्याचंही नाही. नांदेडात त्या काळात नुसतं साहेब म्हटलं तरी लोकांना कळायचं. शहराची अवस्था अशी होती, की भरदुपारी गोळी चालायची आणि शेजारचा दुकानदार "मी आत माल काढत होतो" असा जबाब द्यायचा. खंडणीचा फोन आला, की लोक आमच्याकडं यायच्याऐवजी परगावी मेहुण्याकडं जायचे. साहेबांनी पहिल्याच महिन्यात एका टोळीच्या म्होरक्याला पकडलं आणि ज्या बाजारात तो मोटारीतून फिरायचा, त्याच बाजारातून हाताला दोरी बांधून पायी फिरवला. लोक गच्चीवरून चित्रीकरण करत होते. बायकांनी साहेबांना ओवाळलं. चौकात फलक लागले. कुणी म्हणायचं असा अधिकारी होणे नाही, कुणी म्हणायचं वर्दीतला गुंड. कोठडीत एकजण मेला, त्याची चौकशी लागली, साहेब निलंबित झाले, लोकांनी बंद पाळला, साहेब परत आले. माझं विचाराल तर त्यांच्या जीपमध्ये मागं बसून जाताना माझी छाती फुगायची. कोठडीत जो मेला, त्याच्या दुखापतींचं वर्णनही मीच लिहिलं होतं. "पळताना पडल्याने." त्याबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

मग मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, खून झाला. एका भुसार व्यापाऱ्याला त्याच्याच दुकानासमोर कत्तीनं, आमच्याकडच्या कोयत्यानं, तोडलं. मोंढा बंद, मोर्चा, वर मुंबईहून फोनावर फोन. साहेबांनी पत्रकारांना सांगून टाकलं, तीन दिवसांत आरोपी हजर करतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मणला धरून आणला. मोंढ्यात हमाली करणारा, देगलूरकडच्या खेड्यातला, घरी तेलुगू बोलणारा. पोतं फुटलं म्हणून आठवड्यापूर्वी त्या व्यापाऱ्यानं त्याच्या थोबाडीत मारली होती आणि हा दहा लोकांत "बगून घेतो" म्हणाला होता. साहेबांची खात्री पटली होती. मला बोलावून म्हणाले, "माणूस हाच आहे, बळीराम. कत्तीही मिळाली आहे. चार वाजता पत्रकार येतायत. कागद तेवढा उभा कर."

कत्ती कुठून मिळाली, ते मी विचारलं नाही. रायटर विचारत नाही. जागा कुठली दाखवायची एवढंच विचारलं. साहेब म्हणाले, "नदीकडची बंद वीटभट्टी." ती जागा मला माहीत होती. तिथंच मागं एकदा चोरीची मोटारसायकल जप्त केली होती आणि भट्टीमागच्या कडुलिंबाच्या सावलीत बसून मी पंचनामा लिहिला होता. मस्त गार सावली होती. म्हणून मी ठाण्यातच, पंख्याखाली बसून, लक्ष्मणचं निवेदनही लिहिलं आणि जप्तीचा पंचनामाही लिहिला. पूर्वेस नदीकडे जाणारी पायवाट, पश्चिमेस पडीक भट्टी, दक्षिणेस मोकळी जागा, उत्तरेस कडुलिंबाचे झाड. सदर झाडाच्या बुंध्यापासून चार फुटांवर उकरून आरोपीने कत्ती काढून दिली. अप्पा आले, सही करून गेले. पंक्चरवाल्यानं केली. लक्ष्मणचा अंगठा घेतला.

मग दोन्ही पंचांना आणि लक्ष्मणला घेऊन आम्ही जागेवर गेलो. खरं तर हे उलट्या क्रमानं व्हायला हवं, हे आता तुमच्याही लक्षात आलं असेल.

दुपारचे तीन वाजून गेलेले, ऊन मी म्हणत होतं. जीपमधून उतरलो आणि सवयीनं सावलीकडं निघालो, तर सावलीच नाही. झाड नव्हतं. खोडसुद्धा नव्हतं, नुसती सपाट जमीन. 

"साहेब," मी म्हणालो, "झाड न्हाई."

"कसलं झाड?"

"मी लिहिलंय साहेब. उत्तरेस कडुलिंब. कत्ती झाडापाशी सापडली म्हणून. सह्या झाल्यात."

साहेबांनी त्या सपाट जमिनीकडं पाहिलं, माझ्या हातातल्या कागदाकडं पाहिलं आणि हसले. "आता झाड येतंय का साक्षीला? चल, आवर."

सगळे हसले. मीसुद्धा. अप्पा तेवढे हसले नाहीत. लक्ष्मण दोन शिपायांच्या मधे मान खाली घालून उभा होता, त्याला यातलं काही कळलेलं नव्हतं. दुसरा कागद लिहायला मला पाऊण तास लागला असता. नव्यानं सह्या घ्याव्या लागल्या असत्या. पत्रकार थांबले असते. एवढंच झालं असतं. आणि खरं सांगायचं तर दुसरा कागदही काही खरा झाला नसता.

दोन दिवसांनी लक्ष्मणचा बाप ठाण्यात आला. सायन्ना. धोतर, डोक्याला पंचा, हातात काठी नाही पण उभं राहणं काठी धरल्यासारखं. शिपायानं माझ्याकडं बोट दाखवलं.

"जमादार, माज्या लच्चूचं तुमीच लिवलाव का?"

"हाव."

"काय बोलला त्यो? वाचून दावा की."

दाखवू नये, पण मी वाचून दाखवलं. "मी लक्ष्मण सायन्ना, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सांगतो की, सदर इसमाबाबत माझे मनात राग असल्याने..." सायन्ना शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "ह्ये माज्या पोराचं बोलणं न्हाई जमादार. त्याला येवडं येतंय कुटं?" मी म्हणालो, कायद्याची भाषा अशीच असते बाबा. तो मला नमस्कार करून गेला.

खटला चालला. लक्ष्मणला सरकारनं दिलेला वकील होता, त्याच्याकडं त्याच दिवशी आणखी चार खटले होते. जागेवर जाऊन पाहायला त्याला वेळ कुठला. त्यानं अप्पांना नेहमीचा प्रश्न विचारला, "पोलिसांच्या सांगण्यावरून तुम्ही ठाण्यात सही केली, हे खरं आहे काय?" अप्पा म्हणाले, "खोटं आहे." डावा हात खिशात. प्रयोगशाळेनं कळवलं होतं, कत्तीवरचं रक्त माणसाचं, गट निष्पन्न होऊ शकला नाही. एका हमालानं लक्ष्मणला पळताना पाहिलं म्हणून सांगितलं. आणि झाडाखाली सापडलेली कत्ती. जन्मठेप झाली. ठाण्यात पेढे वाटले, मी दोन खाल्ले.

निकालानंतर अप्पा माझ्या टेबलापाशी आले. "बळीरामजी, आता दुसरा पंच बगा." दुकान पुतण्याला दिलं आणि उदगीरला निघून गेले. पुढं तिथंच वारले. पंक्चरवालाही गेला. आज पंचनाम्याचं मोबाइलवर चित्रीकरण करावं लागतं, नवे रायटर संगणकावर लिहितात. चांगलं आहे. माझ्यासारख्याला पंख्याखाली बसून झाड उभं करता येत नाही.

मी निवृत्त होऊन लातूरला आलो. मुलगी इथं दिलेली, तिच्या घराजवळ दोन खोल्या घेतल्या. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी दारात सायन्ना. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. देगलूरहून दोन एसट्या बदलून आला होता. बसला नाही. काखेतलं फडकं सोडलं आणि माझ्यासमोर फरशीवर एक लाकूड ठेवलं. मनगटाएवढं जाड, वाकडं, काळपट, वाळवीनं खाल्लेलं.

"नातीनं निकाल वाचून दावला," तो म्हणाला. "कालेजात हाय ती. त्यात झाडाचं हाय. मी गेलो बगायला. चेट्टु लेदु. झाडच न्हाई तितं. येका म्हाताऱ्याला इचारलो, तर म्हनला लई आदीच तोडलं, भट्टीवाल्यानं जाळलं. मंग मी उकरलो. ह्ये मूळ निगालं."

"कवा तोडलं ते त्या म्हाताऱ्याला सांगायला लाव की कोर्टात," मी म्हणालो.

"त्यो न्हाई येत. पोलिसाला भेतो." सायन्ना माझ्याकडं पाहत होता. "अपिलाचा वकील म्हनला, लिवनारा मानूस बोलला तर हुईल. तुमी गेला होताव की जमादार तितं. तुमी तर बगितलाव."

मी "बघू" म्हणालो. नोकरीत हा शब्द मी हजारो लोकांना सांगितला होता. बायकोनं त्याला पाणी दिलं, चहा दिला. तो गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही कशाला पडता यात? साहेब मोकळे, तुम्हीच अडकाल. पेन्शन बंद पडली म्हंजे?" तिचं चुकीचं नव्हतं. माझ्या ओळखीच्या एका वकिलाकडं जाऊन आलो, त्यानंही तेच सांगितलं. शपथपत्र द्या, पण न्यायालय ते विचारात घेईल असं नाही, आणि खोटा पुरावा तयार केला म्हणून तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. बायकोनं केर काढताना ते मूळ उचललं, "हे टाकू का?" मी नको म्हणालो. कपाटावर ठेवलं. रोज दिसायचं.

पंधरा दिवसांनी मी नांदेडला साहेबांकडं गेलो. ते आता शहराबाहेर बंगल्यात राहतात. कोठडीतल्या मृत्यूचा खटला अजून चालू आहे, त्यामुळं तारखा असतात आणि गुडघे धरलेत. व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. एके काळी त्यांच्या दारात गाड्यांची रांग असायची, आता एक कुत्रं होतं. मी सगळं सांगितलं. मुळाचंही सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील, धमकी देतील. मला कदाचित तेच हवं होतं, म्हणजे घरी जाऊन गप्प बसता आलं असतं.

साहेबांनी गुडघे चोळले. मग म्हणाले, "माणूस तोच होता, बळीराम."  त्यांनी परत माझ्याकडं पाहिलं. "होता ना रे?"

ज्या माणसाच्या शब्दावर आम्ही इतकी वर्षं डोळे झाकून लिहिलं, तो मला विचारत होता. मला काय माहीत? मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. लक्ष्मणनं खून केला की नाही हे मी सांगू शकत नाही, आणि त्याचं तुरुंगातलं हे दहावं वर्ष आहे. मी साहेबांना नमस्कार करून निघालो. 

घरी येऊन शपथपत्राचा कच्चा मसुदा लिहिला. अक्षर अजून चांगलं आहे. वकिलाला दाखवायच्या आधी तो सायन्नाला दाखवावा असं वाटलं, म्हणून देगलूरला गेलो, तिथून पुढं जीपनं त्याच्या गावी. सायन्ना अंगणात शेळीला पाला घालत होता. मी बसलो, चष्मा लावला आणि वाचायला लागलो.

"मी बळीराम केंद्रे, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की, सदर पंचनाम्यात नमूद केलेले उत्तरेकडील झाड हे घटनास्थळी अस्तित्वात नसल्याचे माझे निदर्शनास..."

"थांबा," सायन्ना म्हणाला.

मी थांबलो.

"ह्ये बी तसंच लिवलाव तुमी. माज्या पोराचं लिवलाव तसंच." त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच अवघड गेलं. त्यानं माझ्या हातातला कागद घेतला, नीट घडी केली आणि बाजूला ठेवला. "कागद ऱ्हाऊ दे. तुज्या तोंडानं सांग."

 आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घातले आणि आता माझ्या तोंडात एक येईना.  शेळी पाला खात होती.

"झाड न्हवतं, सायन्ना," मी म्हणालो. "जायच्या आदीच लिवलो होतो मी. तितं गेलो तवा बगितलो, झाड न्हवतं. मला ठाऊक होतं. तरी गप बसलो."

 घराकडं तोंड करून त्यानं तेलुगूत हाक मारली. एक बाई हात पुसत दारात आली. लक्ष्मणची बायको, मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. सायन्नानं तिला माझ्यासमोर बसायला सांगितलं आणि माझ्याकडं वळला.

"आता हिला सांग."